नाणे ओळखणारी यंत्रे : प्रस्तावना

नाणे घेऊन वस्तू देणाऱ्या यंत्रात आपली नजर आधी वस्तूवर जाते. काचेच्या गोलातल्या लाल-पिवळ्या गमच्या गोळ्या, किंवा रेल्वेच्या फलाटावरच्या वजनाच्या काट्यातून घसरत खाली येणारे जाड पुठ्ठ्याचे तिकीट. यंत्र बनवणाऱ्याची सगळी बुद्धी मात्र नाणे ओळखण्यात खर्च झालेली असते. भोके पाडलेले एक चक्र फिरवले की गोळी पडते, त्यात फारसे अवघड काही नाही. अवघड आहे ते नाण्याशिवाय मूठ फिरू न देणे, लहान नाण्याला अडवणे आणि एका नाण्यात एकदाच फिरणे. म्हणून या पुस्तकात मी दुरुस्तीची एकच कसोटी मानली आहे. रंग कितीही सुंदर चढला, काच कितीही लखलखली, पण यंत्र चुकीचे नाणे स्वीकारत असेल किंवा नाण्याविना फिरत असेल तर ते दुरुस्त झालेले नाही.

हे पुस्तक घरी, मागच्या पडवीत किंवा गच्चीवरच्या खोलीत, साध्या हत्यारांनी अशी यंत्रे पुन्हा चालती करू पाहणाऱ्यांसाठी आहे. मध्यभागी गमबॉल मशीन आहे, कारण ते लहान आहे, टेबलावर मावते, त्याला वीज लागत नाही आणि नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांचे सगळे तत्त्व त्यात उघडे दिसते. ज्याला हे यंत्र कळले त्याला मोठी यंत्रे उघडायची भीती वाटत नाही.

या विद्येचे मूळ फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने देवळात पवित्र जल देणाऱ्या यंत्राचे वर्णन लिहून ठेवले. नाणे एका तरफेच्या टोकावरच्या ताटलीत पडे, ताटली झुके, दुसऱ्या टोकाची झडप उघडे आणि पाणी वाहू लागे. तरफ झुकता झुकता नाणे घसरून खाली पडले की झडप बंद. त्यानंतर कितीतरी शतके ही कल्पना जवळजवळ पडूनच राहिली. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, फलाटावर ताटकळणारी माणसे आली आणि त्यांच्या खिशात एकसारखी, यंत्रावर पाडलेली नाणी आली, तेव्हा ती पुन्हा उठली. १८८३ मध्ये पर्सिव्हल एव्हरिट याने लंडनमध्ये पोस्टकार्ड देणारे यंत्र आणले. त्याच दशकात पेनी टाकून वजन सांगणारे काटेही आले. १८८८ मध्ये थॉमस ॲडम्सच्या कंपनीने न्यू यॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर गमची यंत्रे बसवली. गमच्या गोल गोळ्या आणि काचेचा गोल यांची जोडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. इलिनॉय राज्यातल्या मॉरिस गावची नॉर्थवेस्टर्न कंपनी १९०९ मध्ये सुरू झाली ती काड्यापेट्या विकणारी यंत्रे बनवण्यासाठी. पुढे तीच गम आणि शेंगदाण्यांच्या यंत्रांकडे वळली आणि तिचे १९६० चे ‘मॉडेल ६०’ आजही दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत वारंवार दिसते.

मराठी वाचकाने या इतिहासात एक नाव ठळक करून ठेवावे. शंकर आबाजी भिसे, जन्म मुंबई, १८६७. १८९० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या ‘इन्व्हेंटर्स रिव्ह्यू अँड सायंटिफिक रेकॉर्ड’ या नियतकालिकाने साखर, पीठ असा किराणा आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्यासाठी स्पर्धा ठेवली होती. ती मुंबईच्या भिसे यांनी जिंकली. पुढे ते इंग्लंडला आणि मग अमेरिकेला गेले. छपाईचे खिळे ओतणाऱ्या ‘भिसोटाइप’ यंत्राने त्यांचे नाव झाले आणि १९३५ मध्ये न्यू यॉर्कमध्ये ते वारले. खिळ्यांच्या यंत्राबद्दल मराठीत थोडेफार लिहिले गेले आहे. त्या आधीच्या, तोलून देणाऱ्या यंत्राबद्दल मात्र कुणी फारसे बोलत नाही, आणि मला तर तेच अधिक मोलाचे वाटते. माणसाच्या मध्यस्थीशिवाय नेमके माप देणारे यंत्र ही कल्पना ज्या काळात जगभर आकार घेत होती, त्याच काळात आपला एक माणूस मुंबईत बसून तिच्यावर विचार करत होता. ही यंत्रे परदेशी खेळणी आहेत, आपला त्यांच्याशी संबंध काय, असे विचारणाऱ्याला माझे हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर फलाटावर आहे. नाशिक रोडला गाडीची वाट पाहिलेल्या एका अख्ख्या पिढीला वजनाचा काटा आठवतो. काचेमागे गरगरणारी चकती, लुकलुकणारे रंगीत दिवे, चकती थांबेपर्यंत नाणे टाकायचे नाही ही मोठ्यांची ताकीद, आणि मग तिकीट. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य, कधी सिनेनटाचे चित्र. आकाराने आणि जाडीने ते जुन्या रेल्वे तिकिटाचेच भावंड. गमबॉल मशीन आपल्याकडे फार उशिरा आले, बहुतेक मॉलमध्ये आणि प्लॅस्टिकच्या रूपात. जुनी ओतीव लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची यंत्रे इथे पोहोचतात ती अमेरिकेत राहून परतणाऱ्या कुटुंबांच्या सामानातून, नाहीतर मुंबईच्या चोरबाजारातून आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून. नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात कुलपे, स्टोव्हचे भाग, तराजूची पारडी मिळतात. यंत्र मिळाले नाही तरी यंत्राला लागणारी स्प्रिंग किंवा पितळी चकती तिथे सापडू शकते.

आता यंत्रांची घराणी. नाणे काय काम करते यावरून मी त्यांचे तीन वर्ग करतो. पहिल्या घराण्यात नाण्याचे वजन काम करते. हेरॉनचे यंत्र या घराण्याचे. दुसऱ्यात नाण्याचा आकार काम करतो. गमबॉल मशीनच्या मुठीमागे एक चकती असते, तिच्या कडेला नाणे बसण्याची खाच असते आणि वर एक छोटा खटका स्प्रिंगच्या जोरावर टेकलेला असतो. खाच रिकामी असेल तर खटका तिच्यात पडतो आणि चकती अडकते. योग्य नाणे बसले असेल तर त्याची कड खटक्याला वर उचलून धरते आणि चकती पुढे सरकते. म्हणजे नाणे इथे कुलपातल्या किल्लीसारखे आहे. शेजारचे दातेरी चक्र मूठ उलटी फिरू देत नाही, नाहीतर एकाच नाण्यावर पुढे-मागे करून गोळ्या काढता आल्या असत्या. खालचे मोठे चक्र गोळीला खड्ड्यात घेते आणि वर बसवलेला ब्रश किंवा पत्रा दुसऱ्या गोळीला आत शिरू देत नाही. तिसऱ्या घराण्यात नाणे फक्त एक कळ दाबते किंवा विजेचा मार्ग जोडते, पुढचे काम वीज करते. आपल्या फलाटांवरचे दिव्यांचे काटे आणि काही इराणी हॉटेलांतले ज्यूकबॉक्स या बाजूला झुकतात. एक चौथी शाखाही आहे, जुगाराच्या यंत्रांची. त्यांच्यावरची फळांची चित्रे गमच्या स्वादांवरून आली, कारण सुरुवातीची काही यंत्रे गम देण्याच्या नावाखाली चालत. ती शाखा या पुस्तकात नाही. कायदा हे कारण आहेच, शिवाय खेळणाऱ्याला हरवण्यासाठी बनवलेले यंत्र पुन्हा चालते करण्यात मला रस नाही.

दुसऱ्या घराण्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे, आणि तिथेच आपल्या देशातला खास प्रश्न उभा राहतो. अमेरिकेच्या सेंटच्या नाण्याचा व्यास १९.०५ मिलिमीटर. तो दीर्घकाळ बदललेला नाही, म्हणून शंभरीकडे झुकलेले यंत्रही तिथे आजच्या नाण्यावर चालते. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि सोळा आण्यांच्या, चौसष्ट पैशांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. कातरलेल्या कडांचा आणा आणि चौकोनी दोन आणे हळूहळू गेले. पुढे ॲल्युमिनियमची नाणी आली, मग स्टेनलेस स्टीलची. रुपयाचेच पाहा. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा, २०११ चा सुमारे २२ चा आणि २०१९ च्या मालिकेतला २० चा. दर पिढीला नाणे बदलणाऱ्या देशात आकारावर चालणारे यंत्र टिकणार कसे? आपल्याकडे ही यंत्रे रुजली नाहीत याची कारणे लोक गरिबीत शोधतात किंवा मोडतोडीच्या सवयीत. मला नाण्यांचा हा अस्थिर व्यास अधिक पटणारे कारण वाटते.

याच आकड्यांत एक सुखद योगायोगही दडलेला आहे. पंचवीस पैशांचे नाणे, आपली पावली, १९ मिलिमीटरची आहे. सेंटच्या यंत्रात ती बसते. निकेलमिश्रित जुनी पावली पातळ, वजन अडीच ग्रॅम. १९८८ नंतरची स्टीलची थोडी जाड, २.८३ ग्रॅम. नाण्याची फक्त रुंदी तपासणाऱ्या यंत्राला दोन्ही चालतात. जाडीही तपासणाऱ्याला स्टीलची बरी. मात्र ज्या यंत्रांत लोखंडी चकत्या पकडायला लोहचुंबक बसवलेला असतो तिथे स्टीलची पावली अडकते. १९४३ मध्ये युद्धामुळे अमेरिकेने तांब्याऐवजी जस्त चढवलेल्या पोलादाचे सेंट काढले, तेव्हा तिथल्या यंत्रांतही हेच झाले होते. २०११ च्या जूनअखेर पावली चलनातून बाद झाली. बाजारात तिचे काही येत नाही, पण सेंटच्या यंत्रासाठी ती अजूनही खरे नाणे आहे. घरातल्या जुन्या डब्यात उरलेल्या पावल्या कृपा करून भंगारात देऊ नका. पंचवीस सेंटच्या यंत्रासाठी मात्र रुपयाचा असा उपयोग नाही. ते नाणे २४.२६ मिलिमीटरचे, १९९२ चा रुपया त्यापेक्षा पाऊण मिलिमीटर मोठा, म्हणून फटीतच शिरत नाही, आणि २०११ चा इतका लहान की खटका त्याला जुमानत नाही.

इथे दुरुस्ती करणाऱ्यांचे पंथ वेगळे होतात. एक पंथ म्हणतो, यंत्र नवे दिसले पाहिजे. जुना रंग पूर्ण उतरवा, पावडर कोटिंग करा, पितळावर बफिंग मारा, निकेल पुन्हा चढवा. अमेरिकेतले बरेच हौशी लोक या मताचे आहेत आणि त्यांच्या हातचे काम पाहताना डोळे निवतात. दुसरा पंथ वस्तुसंग्रहालयवाल्यांचा. जे आहे ते जपा, झीज हाही इतिहास, आणि जे कराल ते पुढच्या माणसाला उलट करता आले पाहिजे. इमारतींच्या बाबतीत हा वाद युरोपात झीज जपा म्हणणारे रस्किन आणि पूर्ण रूप पुन्हा उभारा म्हणणारे व्हियोले-ल-द्यूक यांच्या काळापासून चालू आहे. आपल्याकडे पुण्याच्या केळकर संग्रहालयातली अडकित्ते, कुलपे, दिवे अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंची दालने पाहिली की या मताचे बळ कळते. त्या वस्तूंवरची हाताची झीज घासून काढली असती तर पाहायला काय उरले असते? तिसरा पंथ आपल्या मिस्त्रींचा, आणि तो कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही. यंत्र चालले पाहिजे. मूळ स्प्रिंग नसेल तर दुसरी कापून बसव, खटका झिजला असेल तर पितळेचा टिपका भर आणि कानशीने घास.

माझा कल तिसऱ्या पंथाकडे आहे, पण दुसऱ्याची एक शिस्त घेऊन. चालते करण्यासाठी जे लागेल ते करावे, मात्र मूळ भागाला कानस लावू नये. रुपया चालावा म्हणून नाण्याची खाच मोठी करण्याचा मोह फार लोकांना होतो. खाच एकदा घासली की यंत्राचे मूळ माप कायमचे गेले. त्याऐवजी नवी चकती बनवून घ्यावी आणि जुनी चिठ्ठी लावून डबीत, यंत्राच्या पोटातच ठेवावी. पहिल्या पंथाशी माझा खरा मतभेद एनॅमलवर आहे. १९३० च्या दशकातल्या कितीतरी यंत्रांवर भट्टीत भाजलेले एनॅमल असते. त्याचे टवके उडाले म्हणून सगळेच घासून वर रंग मारणे म्हणजे पुन्हा न मिळणारी वस्तू फेकून देणे.

नाशकात राहून हे काम करण्याचा एक मोठा लाभ आहे, आणि या पुस्तकाचा सूर त्यातून आला आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी या शहराला टर्नर, फिटर आणि टूलरूममध्ये हात तयार झालेली माणसे दिली. पितळेची छोटी चकती शतांश मिलिमीटरच्या हिशेबात उतरवून देणारा लेथवाला इथे रिक्षाच्या अंतरावर असतो. जुन्या नाशकातल्या तांबट कारागिरांना पितळ कुठे तापवायचे आणि कुठे नुसते ठोकायचे हे विचारावे लागत नाही. आट्यांची गोष्ट मात्र आधी समजून घ्यावी लागते. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मेट्रिक बोल्ट मिळतात. अमेरिकन यंत्राचे आटे इंचाचे आणि साठ अंशांचे, जुन्या ब्रिटिश यंत्राचे इंचाचेच पण पंचावन्न अंशांचे. पाव इंची बोल्टात दोन्हींचे इंचाला वीसच आटे, म्हणून एकाचा नट दुसऱ्यावर चढतो आणि बसल्यासारखा वाटतो, पण पकड पुरी मिळत नाही. गमबॉल मशीनमध्ये पायापासून झाकणापर्यंत एकच लांब सळई सगळा डोलारा धरून ठेवते. तिच्या टोकाला चुकीचा नट जोर लावून आवळला तर आधी काच जाते.

धातू ओळखणे हे यानंतरचे मोठे प्रकरण. ओतीव लोखंडाचा गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात मंद वीजप्रवाह सोडून सुरेख निघतो, मात्र दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण पाण्यात विषारी क्रोमियम उतरते, आणि हे काम बंद खोलीत करू नये. त्याच पाण्यात ॲल्युमिनियमचा भाग टाकला तर तो खाल्ला जातो. नंतरच्या काळातल्या यंत्रांतले जस्ताच्या मिश्रधातूचे ओतकाम आतून भुसभुशीत झालेले असू शकते. त्याला वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नये. जुन्या रंगात शिसे असते हे धरूनच चालावे. तो कोरडा घासू नये, आणि घरात लहान मूल असेल तर घरात घासूच नये. मुलांसाठीच हे यंत्र उभे करायचे असते, म्हणून या एका बाबतीत मी पुस्तकभर आग्रही आहे. गोळी ज्या चक्रातून आणि घसरगुंडीतून जाते तिथे यंत्राचे तेल येऊ द्यायचे नाही. खटक्याला आणि दात्यांना कोरडे ग्रॅफाइट पुरते. खारे शेंगदाणे भरायचा विचार असेल तर मीठ धातूला काय करते हे आधी वाचावे. पावसाळ्यात गमच्या गोळ्या चिकटतात, तेव्हा नुसते फिरवून पाहायला त्याच मापाचे लाकडी मणी भरलेले बरे.

हे सारे आत्ताच का, तर नाणे हातातून जात आहे म्हणून. भाजीच्या गाड्यावर क्यूआर कोड आला आणि खिशातली चिल्लर संपली. फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बारा शहरांत, फोनवरून कोड वाचून नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग जाहीर केला. नाणे घेऊन वस्तू देणारे यंत्र आपण पाहिले होते, आता नाणे हीच वस्तू झाली. नाशिकला पैशाच्या इतिहासाशी असलेले नाते नव्याने सांगायला नको. नाशिक रोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी १९८० मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारखा विद्वान तिचा पहिला संचालक होता. नाण्यावरचा राजा, लिपी, टांकसाळीची खूण वाचायला तिथे शिकता येते. मुंबईच्या टांकसाळीचा वर्षाखालचा चौकटीसारखा ठिपका तर शाळकरी मुलालाही दाखवता येतो. पण नाण्याचा व्यास, जाडी, कडेची झीज, चुंबकाला चिकटणे हीसुद्धा नाण्याचीच माहिती आहे, आणि ती वाचणारे वाचक म्हणजे ही यंत्रे. सातपूरची पहिली पिढी निवृत्त झाली आहे. तिच्या हातातले मापाचे ज्ञान संगणकावर चालणाऱ्या लेथमध्ये आपोआप उतरलेले नाही. एखाद्या फिटरने नातवाला शेजारी बसवून खटक्याची स्प्रिंग कशी वळायची हे दाखवले, तर त्या ज्ञानाला घरात एक जागा मिळते. कारखान्यात ती जागा आता उरलेली नाही.

पुस्तकाचा बेत साधा आहे. आधी यंत्र न उघडता वाचायचे, मग फोटो काढत उघडायचे, मग नाण्याचा मार्ग मोकळा करायचा, आणि रंगरूप सगळ्यात शेवटी. अनेक पुस्तके रंगापासून सुरू होतात; ते मी मुद्दाम टाळले आहे. कुलपाची किल्ली हरवलेली असणे हा जवळजवळ नियमच आहे, म्हणून ड्रिल न लावता कुलूप उघडण्याला बरीच पाने दिली आहेत. लेथ घरात असण्याची अपेक्षा कुठेही नाही. लेथवाल्याला काय सांगायचे आणि कागदावर माप कसे लिहून द्यायचे हे मात्र सविस्तर आहे, कारण निम्मे काम तिथे बिघडते. विकत घेण्याचे आणि विकण्याचे भाव दिलेले नाहीत.

वजनाच्या काट्याचा भाग गमबॉल मशीनपेक्षा लहान राहिला आहे. काटा जड असतो, घरी आणणे सोपे नसते, आणि पैसे घेऊन लोकांची वजने करायची तर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. घरात हौसेने ठेवलेल्या काट्याचा प्रश्न वेगळा. त्याच्या तरफा, तिकिटांची चळत आणि वजन छापणारी चाके यांची जेवढी खात्रीची माहिती जमली तेवढी दिली आहे. कुणाच्या गोदामात, बंद पडलेल्या थिएटरात किंवा स्टेशनजवळच्या दुकानात असा काटा उभा असेल, तर त्याच्या नाण्याच्या फटीची रुंदी आणि उंची कॅलिपरने मोजून, तिकिटाचा एखादा नमुना उरला असेल तर त्यासह प्रकाशकाच्या पत्त्यावर कळवावे. फटीचे माप कळले की तो कोणत्या नाण्यासाठी बनवला होता ते सांगता येईल, आणि पुढच्या आवृत्तीत तो भाग नव्याने लिहिता येईल.